ओळखीचं कोणीतरी

"कोणती मतपत्रिका देऊ?" मतदानाच्या टेबलावरच्या लोइसने आपलं नियम म्हणून विचारलं. उत्तर यायच्या आत तिचा हात रिपब्लिकन गठ्ठ्यावर गेलासुद्धा होता. व्हर्ना स्टॅम्परला ती काय आज ओळखत होती?

"डेमोक्रॅट," व्हर्ना म्हणाली.

फायर स्टेशनच्या हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या टेबलावर मतदारांना बीन्स वाढणारी बाई डाव हातात धरून तशीच उभी राहिली. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत कोण कोणाला मत देतं ते देवालाच ठाऊक. पण मे महिन्यातल्या प्रायमरीत प्रत्येक पक्ष आपला उमेदवार निवडतो, आणि पत्रिका तोंडाने मागून घ्यावी लागते. मग ते गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, रिपब्लिकनांच्या बाजूने, व्हर्नाचा मुलगा क्लेटन बसला होता. त्याने मान खाली घातली आणि यादीवर उगाच एक रेघ ओढली.

कालच तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगून गेला होता. "आई, वेसचं काही खरं नाही या खेपेला. ट्रस्टीची जागा, आपल्या टाउनशिपमध्ये मतं ती किती असणार? पाच-दहा मतांचा खेळ आहे. तू विसरू नकोस."

वेस म्हणजे क्लेटनचा शाळेपासूनचा जिवलग, टाउनशिपचा कारभार बघणाऱ्या ट्रस्टीच्या जागेसाठी रिपब्लिकनांच्या प्रायमरीत उभा. व्हर्नाच्या हातचं खाऊनच मोठा झालेला. हिवाळ्यात तिने त्याला शब्द दिला होता, माझं मत तुलाच.

"जाईन की. विसरायला काय झालं," ती म्हणाली होती. "तुझं झालं?"

"मागच्याच आठवड्यात काउंटीच्या कचेरीत मत टाकून आलो. उद्या दिवसभर टेबलावर असणार ना मी."

आता लोइसचा हात दुसऱ्या गठ्ठ्याकडे निघाला, तोच भिंतीपाशी बसलेला किम्मेल उठला. हा डेमोक्रॅटांचा राखणदार, त्यांच्यातर्फे मतदानावर नजर ठेवणारा. एरवी दिवसभर डुलक्या काढायचा.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला. "बाई, जन्म गेला तुमचा त्या पक्षात. आज आमच्यात लुडबूड करायला कोणी पाठवलं तुम्हाला?"

"मला कोण पाठवणार, किम्मेल? मी माझ्या पायाने आले."

"मग शपथेवर सही करा. नोव्हेंबरात आमच्या उमेदवारांना मत देईन म्हणून."

"सगळ्यांना?"

"निम्म्याहून जास्त. नियम आहे तसा."

व्हर्नाने चष्मा पुसला. खोटी सही करणाऱ्यांतली ती नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे ही बाई नोव्हेंबरातसुद्धा पलीकडे जाणार. तिने कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

लोइस पुढे वाकून हळूच म्हणाली, "ओरिनसाठी करत्येस का ग हे?"

"लोइस, पत्रिका दे."

"जपून हं. मोजक्याच आहेत, फेब्रुवारीत छापून आलेल्या."

तिचा नवरा ओरिन मार्चमध्ये गेला. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि घरात दोन पक्ष. निवडणूक आली की अंगणात दोघांच्या दोन पाट्या लागायच्या. गवत कापताना तो तिच्या पाटीच्या भोवतीचंसुद्धा नीट कापायचा, वर म्हणायचा, "तुमच्या पक्षाला एवढं तरी कोणी विचारतं का?" जानेवारीत अंगात ताप असताना, एवढ्या बर्फात, तो कचेरीत कसलासा कागद भरायला गेला, तेव्हा तिने त्याला फैलावर घेतलं होतं. तो नुसता हसला होता. दर प्रायमरीला त्याचं एकच पालुपद, "आमची पत्रिका एकदा मागून तर बघ, व्हर्ना. ओळखीचं कोणीतरी सापडेल."

"तुमच्यात माझ्या ओळखीचं कोण? तू एकटा," असं ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

ती मतदानाच्या आडोशामागे जाऊन बसली. बराच वेळ उठली नाही. बाहेर पडताना क्लेटनच्या समोरून गेली, तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. तिला आतून फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी सहाला मतदान संपलं. त्याआधी कचेरीत पडलेली मतंही मिळवून निकालाचा लांबलचक कागद दाराला चिकटवला गेला. व्हर्ना गाडी घेऊन परत आली, तेव्हा गर्दी पांगली होती. दारापाशी क्लेटन एकटाच उभा होता.

"वेसचं काय?"

"गेला. एकशे शहाऐंशी. समोरच्याला एकशे सत्त्याऐंशी."

व्हर्नाने दाराची चौकट धरली. "एका मताने? म्हणजे माझ्यामुळेच की रे. शब्द दिला होता मी पोराला. उद्या जाते त्याच्या घरी, माफी मागते."

"दोघं जाऊ," क्लेटन म्हणाला.

"तू कशाला? तू तर राबलास त्याच्यासाठी."

तो कागदासमोरून बाजूला सरकला. तिने चष्मा लावला. कागदावरून तिचं बोट खाली खाली सरकत गेलं, राज्याच्या जागा, काउंटीच्या जागा, अगदी तळाशी डेमोक्रॅटांचा बूथप्रमुख, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तिथे दोनच नावं होती.

मर्ल फॉक, एकतीस.

ओरिन स्टॅम्पर, दोन.

तिने पुन्हा वाचलं. जानेवारीत बर्फातून जाऊन त्याने भरलेला कागद याच जागेचा होता, आणि छापलेलं नाव तसंच राहिलं होतं. गेलेल्या माणसावर मत कोण वाया घालवतंय? एक तिचं होतं. तिने वळून मुलाकडे पाहिलं.

"मला वाटलं," क्लेटन म्हणाला, "बाबांना एक तरी पडायला हवं."