तारांकन, तारांकन

“तारांकन, तारांकन, तारांकन, तारांकन…” कॉम्प्युटरमधली बाई एका सुरात बोलत सुटली. रेडिओच्या निवेदकाने जरा वेळ ऐकून घेतलं, मग कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“बुटके, तुझ्या मेनूला दागिने फार झालेत,” तो म्हणाला.

बुटकी म्हणजे त्याची धाकटी बहीण. आता ती त्याच्याहून दोन बोटं उंचच होती, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटत नाही. रेडिओ केंद्रावर गाणं लावायचं, जाहिरात सोडायची, माईक उघडायचा, तर कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत भल्या लांब आज्ञा टाइप कराव्या लागत. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की रेडिओ मुका. दिसत होतं तोवर दादा हे सगळं गप्पा मारता मारता करायचा. आता दिसत नव्हतं. म्हणून बुटकीने आपली नोकरी सांभाळून, आज्ञांच्या जागी मेनू बनवला होता. चारी बाजूंनी चांदण्यांची चौकट, वर केंद्राचं नाव, आणि बाणाची कळ दाबली की पिवळी होणारी ओळ. आपल्या ऑफिसात सगळ्यांना दाखवून तिने शाबासकीही घेतली होती.

पडद्यावरचं वाचून दाखवणारी बाई मात्र प्रामाणिक होती. ती एकेक चांदणी ‘तारांकन’ म्हणून वाचत होती. ती ‘गाणं’ या शब्दापाशी पोहोचेपर्यंत एखादं गाणं वाजून संपलं असतं.

“आणि बाण दाबला की ही गप्प का बसते?” दादाने विचारलं.

“ओळ पिवळी होते ना,” बुटकी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिची तिलाच लाज वाटली.

अकरा वाजता त्याला तासाभराचा कार्यक्रम एकट्याने चालवून दाखवायचा होता. केंद्रप्रमुख मॅडम मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मध्येच रेडिओ मुका पडला, तर उद्यापासून दारापाशी टेबल, आल्यागेल्याचं स्वागत, पगार तोच. त्यातलं ‘पगार तोच’ त्याला सगळ्यांत जास्त लागलं होतं.

बुटकी म्हणाली की आपण मॅडमकडे एक दिवस मागून घेऊ. दादाने मान हलवली.

“हा मेनू तुझ्या डोळ्यांसाठी केलास. आता माझ्या कानांसाठी कर.”

ती खाली मान घालून कामाला लागली. चौकट गेली, केंद्राचं नाव गेलं, रंग गेले, बाण गेले. जीव लावून केलेलं पुसताना वाईट वाटत होतं, पण हात थांबला नाही. उरल्या मोजक्या ओळी, प्रत्येकीत आधी आकडा आणि मग एकच शब्द. आकडा दाबला की काय झालं तेही दोन शब्दांत. यादीत नसलेला आकडा दाबला, तरी जे वाजतंय ते वाजत राहणार. मेनू दिसायला अगदी भिकार झाला. दादाने एकदा ऐकला, पुन्हा एकदा ऐकला आणि तिला खोलीबाहेर हाकललं.

अकरा वाजता ती काचेबाहेर मॅडमशेजारी उभी होती. आत दादा एका कानात बाई आणि दुसऱ्या कानात गाणी घेऊन बसला होता. तो बोलला, गाणं लागलं, जाहिरात गेली, पुन्हा तो बोलला. मॅडमच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत गेली.

शेवटाकडे एक गाणं संपत आलं आणि तिने पाहिलं, माईक उघडायला कीबोर्डच्या उजव्या कडेच्या आकड्यांत दादाचं बोट तीनवर जायचं ते एक ओळ वर, सहावर पडलं. सहा यादीत नव्हतंच. तिने काही न सुचून मॅडमचा दंड धरला. आत दादाने कानातल्या बाईचं ‘सहा नाही’ ऐकलं, त्याला जरा हसू आलं, बोट एक घर खाली सरकलं. गाण्याचा शेवटचा सूर विरायला आणि त्याचा आवाज यायला एकच गाठ पडली.

“मंडळी, इतका वेळ सोबत होतात. बरं वाटलं.”

बुटकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मॅडमनी आपला दंड हळूच सोडवून घेतला आणि शेवटचं गाणं चालू असतानाच दार ढकलून आत गेल्या. उद्या सकाळचा कार्यक्रमही तुम्हीच करा आणि परवाचाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग इतका वेळ हा कशाच्या बळावर चालला होता ते बघावं म्हणून त्या कॉम्प्युटरवर वाकल्या. समोर नुसता काळाकुट्ट पडदा होता.

“अहो, हा पडदा बंद पडलाय. कधीपासून?”

“मीच बंद केला, सुरुवातीलाच. इथे बघणारं होतं कोण?” दादाने खुर्ची त्यांच्या आवाजाकडे वळवली. “तुम्हाला लागत असेल तर लावतो, मॅडम.”