पाहुण्यांचं भाषण

प्रमुख पाहुण्यांना पुस्तक वाचायला सवड नव्हती, म्हणून कोपर्डेकरबाईंनी आपल्या पहिल्यावहिल्या पुस्तकापाठोपाठ पाहुण्यांचं भाषणही लिहून टाकलं. चार पानं नुसतं कौतुक! कुणाला संशय येऊ नये म्हणून तळाशी एक ओळ घातली, "मधली पन्नास पानं मात्र कंटाळवाणी आहेत."

प्रकाशनाच्या दिवशी निवेदकानंच तासभर खाल्ला. पाहुणे उठले, "वेळ कमी आहे, शेवटचं तेवढं सांगतो," म्हणाले आणि ती एकच ओळ खणखणीत वाचून खाली बसले.

बाईंच्या खांद्यावरची शाल घसरली.

पहिल्या रांगेतले एक आजोबा टाळ्या वाजवत ओरडले, "पुस्तक खरंच वाचून आलेला पाहुणा आज पहिल्यांदा पाहिला हो!"

प्रती हातोहात खपल्या. सह्या करता करता बाईंनी ठरवलं, पुढच्या वेळी पाहुण्यांना एकच ओळ लिहून द्यायची.