चिमीचं खानदान

रूपरावांनी वेताची टोपली मनोहररावांच्या ओसरीवर आदळली. आत पांढरी पॉमेरियन कुत्री अंग चोरून बसली होती.

"घ्या तुमची चिमी परत. खोटच आहे हिच्या रक्तात."

मनोहरराव सदर भागातल्या आपल्या घरीच पॉमेरियनची पिल्लं वाढवून विकत. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काहून गा, काय केलं हिनं?"

रूपरावांनी उजवा हात पुढे केला. नवी पट्टी होती, भोवती जुने वण. "गोपिका होती तेव्हापासून मले चावून राहिली. काल तिचं सामान आवरताना बांगड्या पडून फुटल्या, तं पुन्हा झेपावली. ठेवून घ्या, नाहीतर आजच दवाखान्यात सुई देऊन संपवतो."

रूपरावांची बायको गोपिका हिला जाऊन महिना झाला होता. न्हाणीत पाय घसरला, डोक्याला मार लागला. तेव्हापासून महाल भागातलं घर रूपरावांना खायला उठत होतं. साखर कुठल्या डब्यात असते तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"वहिनीले चावली कधी?"

"तिले कशाची चावते? तिनंच लाडावून ठेवली. मीच मूर्ख, बायकोच्या हौसेपायी कुत्री आणली. काय कमी केलं मी तिले? कासारीण दर पंधरवड्याले घरी येऊन नव्या बांगड्या भरून जाये!"

मनोहरराव तापले. "माझ्या कुत्र्यांचं खानदान काढू नका. हिची आई पाहा, आजी पाहा. भुंकून डोकं उठवतील, तेवढं रक्तात आहे. दात लावणं नाही. आजवर एक पिल्लू चावरं निघालं नाही."

त्यांनी चिमीला उचललं, शेपटी ओढली, तोंडात बोट घातलं. चिमीनं ते चाटलं.

"पण ही भुंकत काहून नाही?"

"ते मी मोडलं. घरात शिस्त लागते."

"पॉमेरियनचं भुंकणं मोडलं? कसं?"

"तुम्हाले काय करायचं? नाटक करून राहिली ती. लबाड जात!"

"पुरे आता, चहा घ्या," म्हणत मनोहररावांच्या पत्नी शोभाताई कपबशा घेऊन आल्या. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी मनगटानं दार लोटलं. कडीवर आपटून दोन बांगड्या फुटल्या. काचा फरशीवर खळकन पडल्या.

चिमी मनोहररावांच्या हातातून सुटली. आवाज न करता ओसरी ओलांडून तिनं रूपरावांचा उजवा हात धरला, थेट पट्टीवर.

रूपरावांचा डावा हात वर गेला. दोघं बघताहेत हे ध्यानात आलं, तसा खाली आला.

चिमीनं पकड सोडली. मागे सरकत ती शोभाताईंच्या पायांपुढे आडवी उभी राहिली, तोंड रूपरावांकडे करून.

शोभाताईंनी काचांकडे पाहिलं. चहा त्यांनी पुढे केला नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "वहिनी न्हाणीत पडल्या, तेव्हा घरात कोण होतं?"