दुसरा ब्रेक

ट्रक अचानक आडवा आला आणि गाडी गचका खाऊन जागच्या जागी थांबली. पाववालीने घट्ट मिटलेले डोळे उघडले, तेव्हा ट्रकचं चाक पुढे हातभर अंतरावर होतं.

"मेले होते गं बाई!"

"मी असताना कशी मरशील?" शेजारी बसलेले मास्तर शांतपणे म्हणाले. "माझ्याकडेही ब्रेक आहे, विसरलीस? तू आपली पुढे बघ."

शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. त्या दुसऱ्याच्या जिवावर तर ती स्टेअरिंगला हात लावत होती. एरवी घरात सगळ्यांचेच पाय ब्रेकवर! नवरा गेल्यापासून त्याची पावाची व्हॅन दारात धूळ खात उभी होती. दीर उठता-बसता सांगायचे, "वहिनी, झेपायचं नाही तुम्हाला. विकून मोकळ्या व्हा." उद्या लायसनची परीक्षा. नापास झाली की व्हॅन गेली, आणि व्हॅन गेली की पोटावर पाय आला.

मास्तर शिकवायचे झकास, पण आळशी म्हणजे किती! रोज त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, गाडी चालवत आणायच्या, कोपऱ्यावर उभी करायच्या आणि बाकावर विणत बसायच्या. मास्तर आधीच आपल्या जागेवर, भर उन्हाळ्यात मांडीवरून पार खाली लोळणारी शाल घेऊन. मागे चाक पंक्चर झालं, तरी हा बाबा ढिम्म हलला नाही. वर म्हणे, "मी उतरलो तर तू शिकणार कधी?" त्यांच्यासकट गाडी जॅकवर चढवताना तिने मनातल्या मनात त्यांचा यथेच्छ उद्धार केला होता.

तिने कोपऱ्यावर गाडी लावली. हात काही स्टेअरिंगवरून सुटेनात.

"मास्तर, उद्या नाही जमायचं मला. तिथे शेजारी तुम्ही नसणार."

"बरं, मग?"

"मग काय! आज तुम्ही ब्रेक मारलात म्हणून वाचले. परवा ती म्हातारी आडवी आली, तेव्हाही तुम्हीच. माझा पाय नुसता लटलट कापतो, तो कसला ब्रेक मारतोय!" तिला रडूच फुटलं. "भावजी म्हणतात तेच खरं. विकून टाकते व्हॅन."

मास्तरांनी तिच्यापुढे रुमाल धरला.

"इकडे बघ, पोरी."

त्यांनी मांडीवरची शाल उचलली आणि घडी करून बाजूला ठेवली. पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापाशीच दुमडून पिनांनी टाचलेले होते.