फाइलला नाव

पालघरला अंगणवाडी सेविकांचं मोबाइलचं प्रशिक्षण चालू होतं. वर्गात मुलांना ऐकवता येईल असं काहीतरी रेकॉर्ड करून आणा, असा गृहपाठ हेमांगी मॅडमनी दिला होता. कुणी बडबडगीत आणलं, कुणी चिऊची गोष्ट. मुरबे गावच्या हिराताईंनी मोबाइल पुढे केला, तर त्यातून नुसतीच टकटक ऐकू यायला लागली. बाकीच्या बायका हसल्या.

"हिराताई, यात तुमचा आवाज कुठे आहे?"

"माजा नायच. बोटीचं इंजिन हाय. बंदरावर जाऊन घेतलं."

"चालेल की. वाहनांची ओळख करून देताना उपयोगी पडेल," मॅडम म्हणाल्या. मग फाइलला नाव कसं द्यायचं ते सगळ्यांना दाखवत त्यांनी लिहिलं, 'बोटीचा आवाज'.

हिराताई जरा घुटमळल्या. "मॅडम, तेवढं बदलाल का? आमच्याकडं पोरं घरात बसून सांगतात, कोनाची बोट आली. परत्येक इंजिनाचा आवाज येगळा. माज्या वर्गात रिद्धी म्हनून पोरगी हाय. बोट समुद्रात गेली की ती खिचडीला हात लावत नाय. परवा हे लावलं, तर थाळी घेऊन मोबाइलच्या शेजारी जाऊन बसली. सगळी खाल्ली."

मॅडमनी लिहिलेलं पुसलं.

"मग काय नाव देऊ?"

"रिद्धीचे बाबा."