बोआचीचं आसन

शिपाई अंगणात शिरले तेव्हा अचिया भावाच्या वाडग्यातला कुटलेल्या कंदांचा उरलेला फुफू घाईघाईनं घशाखाली ढकलत होती. भूक कसली आलीय! अर्धं भरलेलं वाडगं दिसलं असतं तर ते कुणाचं, हा प्रश्न आलाच असता. तिचा भाऊ बोआची तीन महिन्यांनी रानातल्या मोर्च्यावरून घरी आला होता. चार घास खातोय तोच बाहेर कुत्री भुंकली. तो तसाच उठला आणि मागच्या खोलीत, कंदांच्या ढिगाआड बंदूक घेऊन बसला.

चिखलानं भरलेल्या बुटांनिशी गोरा कप्तान आत आला. मागून सहा शिपाई आणि दुभाष्या कोबिना. हा कोबिना किनाऱ्यावरचा, फांती जमातीचा. बोली जवळपास अचियाच्या अशांती लोकांचीच, रीतिभातीही त्याच, पण अंगात कोट गोऱ्यांचा. कप्तानाला गावातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोबिना ‘नाही’ म्हणाला की शिपाई पुढच्या घराकडे वळायचे. ‘आहे’ म्हणाला की आधी गोळी, मग छपराला आग. शेजारच्या गावात म्हणे त्यानं नुसती चुलीतली राख बघून लपलेले दोघं ओळखले होते.

“घरात पुरुष कोण?” कोबिनानं विचारलं.

“कुणी नाही. भाऊ होता, तो लढाईला गेला. तीन महिने झाले, पत्ता नाही.” अचिया आपल्या बसक्या लाकडी आसनावरून हललीसुद्धा नाही. गप्प बसायला हवं होतं, पण तिची जीभ मेली कधी गप्प बसली होती? “तुमच्या बड्या साहेबाला आमच्या सोन्याच्या आसनावर बूड टेकायची हौस आली ना, त्यापायी गेला. जिथं आमचा राजासुद्धा बसत नाही तिथं! आणि तू रे? चांगला आमच्यासारखा दिसतोस. यांची ओझी वाहतोस, यांच्यासाठी घरं हुंगत फिरतोस. आईनं काही शिकवलं नाही का तुला?”

कोबिनाचा चेहरा ढिम्म. कप्तानानं हातानंच तिला ‘ऊठ’ म्हणून खुणावलं.

अचिया उठली. उठता उठता तिच्या हातानं, तिला न विचारताच, आसन आडवं करून भिंतीला टेकवलं. माणूस उठला की आसन आडवं करायचं. उभं ठेवलं तर एखादा भटका आत्मा येऊन बसतो. रांगतं पोर सोडलं तर हे सगळ्यांना ठाऊक.

कोबिनानं तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्याची नजर अंगणाच्या दुसऱ्या कडेला गेली. तिच्यामागोमाग अचियाचीही गेली.

बोआचीचं आसन उभं होतं.

गाढव कुठला! वाडगं झालं, बंदूक झाली, पावलांचे ठसेही तिनं झाडूनं पुसले होते. आणि हे राहिलं! तीन महिने घरात नसलेल्या माणसाचं आसन आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं उभं. जाऊन आडवं करावं तर सगळ्यांचं लक्ष तिकडेच जाणार. आपणच जाऊन बसावं तर तेही नाही. माणसाचा जीव त्याच्या आसनात मुरलेला असतो, त्यावर दुसरं कुणी बसत नाही, हे या मेल्याला ठाऊक नसेल होय?

“ते भावाचं?” कोबिनानं विचारलं.

“हं.”

“तीन महिने झाले म्हणतेस?”

“तीन महिने.” तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

कोबिनानं मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार बोटभर उघडं होतं. अचियाला वाटलं, बोल की रे एकदाचं! कोंबडी पायात आली, तिनं तिला उगाच लाथाडलं.

कप्तान घामानं निथळत होता. त्यानं मान पुसली, बसायला काही आहे का ते पाहिलं आणि सरळ बोआचीच्या आसनाकडे निघाला.

अरे देवा! फटीतून बोआची बघत असणार. सोन्याच्या आसनावर गोऱ्यानं बसू नये म्हणून तीन महिने रानात कुजलेला माणूस तो, स्वतःच्या आसनावर बसू देईल? एक गोळी सुटेल, हा कप्तान पडेल. मग बोआची, मग ती, मग सगळं गाव.

कप्तान वळून बसायच्या बेतात आला आणि कोबिना एकदम आडवा आला. गोऱ्यांच्या भाषेत घाईघाईनं काहीतरी बोलला. अचिया कान देऊन ऐकत राहिली. त्या बडबडीत भावाचं नाव येतंय का, एवढंच शोधत राहिली. कप्तानानं आसनाकडे पाहिलं. महारोग्याचं अंथरूण दिसल्यासारखं तोंड केलं, शिपायांवर खेकसला आणि अंगणाबाहेर पडला. शिपाई त्याच्या मागून गेले.

कोबिना मात्र मागे राहिला. तो खाली वाकला. बोआचीचं आसन त्यानं दोन्ही हातांनी धरलं, सावकाश आडवं केलं आणि भिंतीला टेकवलं.

“मला शिकवलंय आईनं, ताई,” मागच्या खोलीकडे न बघता तो म्हणाला. “तुझा भाऊ विसरला.”