चाळीस प्रेक्षकांचं कार्ड

"प्रोसेसर हाच ठेवू, रॅम दुप्पट करू," स्वरदाचा जुना कॉम्प्युटर उघडत दुकानदार मोमीनभाई म्हणाले. "चांगलं ग्राफिक्स कार्ड मात्र तुमच्या बजेटमध्ये बसत नाही. हे प्रेक्षक-कार्ड एक्स्चेंजमध्ये दिलंत तर बसेल."

"कसलं कार्ड?"

"तुम्ही गेम खेळताना ऑनलाइन लाइव्ह बघायला लोक येतात ना, ते यातले. चाळीस जणांचं आहे." त्यांनी नखाएवढी हिरवी पट्टी बोटावर धरली. "रेडीमेड कॉम्प्युटरमध्ये टाकूनच देतात. बघायला कोणी नसलं की नवा माणूस कंटाळतो."

स्वरदा स्टुलावर बसली. हरल्यावर चिडवणारे, ताप आला तेव्हा काढा सांगणारे, सगळे त्या पट्टीत होते.

"पण माझ्याकडे एक्केचाळीस जण येतात," ती म्हणाली.

मोमीनभाईंनी पट्टी उलटून पाहिली. "मग एक जण खरा असणार."

"कोण?"

"कार्ड काढून चालू करा. जो उरेल तो."

काढा सांगणारी मिरजेची कुंदाताई? की आल्या आल्या 'सगळे जमले का?' विचारणारे चिपळूणचे दातेकाका? कोण खरं निघावं असं आपल्याला वाटतंय, हेही तिला कळेना.

"मग ग्राफिक्स नवं टाकू ना?" मोमीनभाईंनी विचारलं.

"त्या एकाला माहीत असेल का हो, बाकीचे कोण आहेत ते?"

"त्याला कुठून माहीत असणार?"

स्वरदानं पट्टी त्यांच्या बोटावरून उचलली आणि उघड्या कॉम्प्युटरवर वाकून तिची खाच शोधू लागली.